पश्चिमेची भिंत

पोर्तो मॉन्तहून एद्गार्दो फोनवर म्हणतो,
आई, पत्रा ठोक. नाहीतर त्या प्लास्टिकच्या पट्ट्या,
लाकडासारख्याच दिसतात, तीस वर्षांची हमी आहे.
मी त्रेसष्टची. हमी कुणाला आणि कुणाची
हे त्याने सांगितलं नाही.

पश्चिमेची भिंत मऊ झालीय.
बोट दाबलं की आत जातं, भिजलेल्या पावात जावं तसं.
चूक माझीच. आठ हिवाळे तिच्या कुशीला सरपण रचत गेले,
वाऱ्याला मागून निघायला वाट ठेवली नाही.
लाकूड भिजल्याने मरत नाही, रोसामेल म्हणतो,
वाळायला सवड मिळत नाही म्हणून मरतं.
तो लाकडाबद्दलच बोलत होता.
विधुर आहे, तरीही.

रोसामेल नावेल्किन फळकुटं फोडतो, कापत नाही.
करवतीला घाई असते, ती नसा उघड्या टाकून जाते,
पाणी मग त्यातून घरात येतं.
पाचर झाडाला विचारत विचारत उतरते.

पण फोडायचं काय?
आलेर्से उभं तोडायला बंदी, आणि असावीच;
बोटभर जाड व्हायला माणसाचं आयुष्य घेणारं झाड
माझ्या स्वयंपाकघरापायी का पडावं?
कोइगुए पिळतं.
पाइन स्वस्त, पण ते रंगावर जगतं,
दर तीन वर्षांनी शिडी,
आणि शिडीवर चढणारा पोर्तो मॉन्तला.

म्हणून आम्ही शाळा घेतली. म्हणजे तिची एक भिंत.
छप्पर मागच्या वादळात बसलं होतं,
गावसमितीने एका मेंढीवर सौदा मिटवला.
एकेक फळकूट सोडवत गेलो.
खालची वीत राखाडी, खरबरीत,
आणि वरच्या दोन विती, ज्या ऐंशी वर्षं
दुसऱ्या फळकुटांच्या पाठीआड होत्या,
तांबड्या.
नाकाशी नेलं तर वास आला, परवा फोडल्यासारखा.
या शाळेत मी पाच वर्षं बसले,
पाढे म्हणताना हीच भिंत बघितली,
एवढं काही राखून बसलीय
तिने कळू दिलं नाही.

उलटी लावायची, रोसामेल म्हणाला, डोकं खाली, पाय वर.
खिळा तांब्याचा; लोखंड रडतं, काळे ओघळ येतात.
खिळा असा की वरची ओळ त्याला झाकेल.
दोघींत काडीपेटीच्या काडीएवढी फट, जूनमध्ये फुगायला.
जमिनीपासून दोन विती वर थांब, माती चढते.
आणि व्हार्निश? मी विचारलं.
तो तोंडातले खिळे काढून हसला.
शेवाळ आलं तर मऊ ब्रश, नुसतं पाणी.
बाकी करडं होईल. होऊ दे.

तिसऱ्या दिवशी एका फळकुटाच्या पाठीवर पेन्सिल निघाली:
बार्रिया. दोनशे नग. पैसे देणे बाकी.
रोसामेलने चश्मा पुसला, परत वाचलं.
अक्षर माझ्या बापाचं.
बार्रिया म्हणजे माझा आजा, मी म्हणाले.
बराच वेळ आम्ही दोघं
दोनशे फळकुटांचं ऐंशी वर्षांचं व्याज
मनातल्या मनात मांडत उभे राहिलो.
मग मी चहा ठेवला.
अक्षर आत ठेवू की बाहेर? त्याने खिडकीतून विचारलं.
बाहेर, मी म्हणाले. दाराजवळ.
दोन हिवाळ्यांत पाऊस वसूल करून घेईल.

त्या दिवसाची मजुरी त्याने लावली नाही.
मी बोलले नाही, त्यानेही नाही.

सरपण आता अंगणापलीकडे, कुंपणाला टेकून.
रात्री चूल विझत आली की
डोक्यावर पोतं घेऊन जाते,
येईपर्यंत खांदे भिजतात.
दारात पोतं झटकताना
हात आपसूक भिंतीवर जातो.
अक्षर अजून लागतं बोटाला.
फक्त 'बाकी' तेवढं पुसट झालंय.